सगळ्या दुखण्यांना एकच उत्तर: 'दात येतायत'

केतकी_नि_पिल्लू

मुलगा साडेआठ महिन्यांचा झाला. तोंडाचं अजून बोळकंच आहे. लाळ मात्र इतकी गळते की एक लाळेरं वाळेपर्यंत दुसरं भिजलेलं. गेल्या आठवड्यात पातळ शी होत होती, अंग कोमट लागायचं, रात्री उठून रडायचा. साबा (सासूबाई) म्हणाल्या, दात येतायत. पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, दात येतायत. कान ओढतो, तरी दात. खिमट खात नाही, तरी दात. दात सोडून बाकी सगळं आलं!

उपाय तर प्रत्येकाकडे तयार. मावशीने फोनवर सांगितलं, बीसी २१ (होमिओपॅथीच्या दुकानातल्या दातांच्या गोळ्या) सुरू कर. आई म्हणते, टाकणखाराची लाही मधात खलून हिरड्यांना चोळ. नवऱ्याने मेडिकलमधून हिरड्यांना लावायचं जेल आणलंय, ते मी अजून उघडलेलं नाही. नवव्या महिन्याच्या लशीला जाऊ तेव्हा डॉक्टरांना विचारणारच आहे. तोवर इथल्या अनुभवी आयांनी आणि जाणकारांनी सांगा. दात उशिरा म्हणजे नक्की किती उशिरा? ताप-जुलाब खरंच दातांनी होतात का? आणि वरच्या यादीतलं काय द्यायचं, काय नाही?

आक्का_करवीर

अगं, घाबरू नकोस. आमच्या थोरल्याला वर्ष उलटल्यावर पहिला दात दिसला, धाकटीला पाचव्यातच. दोघं आता दातांनी ऊस सोलतात. धाकटीचे वरचे आधी आले तर सासरी केवढा गजहब! वरचे आधी आले की मामाला जड जातं म्हणे. मग माझ्या भावाला बोलावून त्याच्याकडून चांदीची वाटी घेतली आणि त्याच वाटीतून तिला खीर भरवायला लावली. वाटी अजून आहे, भाऊपण ठणठणीत आहे.

चोखायला खारीक दे. आमच्याकडे दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे.

अर्धा_कप

मामाच्या वाटीला +१. आम्ही उष्टावणालाच वसूल केली होती, दात वरून येवोत की खालून.

खडीसाखर

बालदंतवैद्य आहे. (आयडीवरून हसू नका, मुद्दाम घेतलाय.)

केतकी, साडेआठ महिन्यांना दात नसणं याला उशीर म्हणतच नाहीत. खालचे मधले दोन साधारण ६ ते १० महिन्यांत येतात, वरचे मधले दोन ८ ते १२ मध्ये, मग त्यांच्या शेजारचे. त्यानंतर आयांचा गोंधळ होतो, कारण पुढचे आठ झाले की लोक सुळ्यांची वाट बघतात आणि बाळ मध्ये जागा सोडून थेट दाढ काढतं. पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांत, सुळे त्याच्या मागून, आणि शेवटच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांत. एकूण वीस. वरचे आधी आले किंवा क्रम पुढेमागे झाला तर काही बिघडत नाही. मामालोकांनी निश्चिंत असावं.

वर्षभरात एकही दिसला नाही तर एकदा तोंड दाखवून घ्या. दीड वर्षापर्यंतही नाही, तर मग नीट तपासणी हवीच. आईच्या किंवा बाबांच्या घरात उशिरा दात येण्याची परंपरा असेल तर बहुतेक वेळा तेच कारण निघतं. दोन्ही आज्यांना विचारा. दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं, निम्मा 'उशीर' तिथेच संपतो. थायरॉईड कमी असणं, ड जीवनसत्त्व कमी पडून झालेला मुडदूस, डाउन सिंड्रोम यांतही दात लांबतात. पण तेव्हा सहसा नुसते दात लांबत नाहीत, वाढीत आणि हाडांतही काहीतरी दिसतं.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी दात लवकर येत नाहीत. दुधाच्या दातांचे अंकुर आईच्या पोटात सहाव्या-सातव्या आठवड्यातच धरतात आणि चौथ्या महिन्यापासून ते टणक व्हायला लागतात. बाळ जन्मतं तेव्हा वीसही दात हिरडीखाली घडत असतात. आणि दात हिरडी कापत वर येतो, ही कल्पनाही सोडा. दाताभोवती एक पातळ पिशवी असते, तिच्यामुळे वरचं हाड विरघळत जाऊन वाट मोकळी होते आणि हिरडीही पातळ होत जाते.

निवडुंग

> दात हिरडी कापत वर येतो, ही कल्पनाही सोडा

मग ताप कशाने येतो? आमच्या सोसायटीत प्रत्येक बाळाला दाताचा ताप येतो. सगळे खोटं बोलतात का?

खडीसाखर

खोटं कोणी बोलत नाही, वेळ जुळून येते. पोटात असताना आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्यं सहा महिन्यांच्या सुमारास बरीच उतरलेली असतात. नेमकं तेव्हाच वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगायला लागतं आणि चपलेपासून रिमोटपर्यंत सगळं तोंडात जातं. जुलाब व्हायला आणखी काय हवं? दातही त्याच महिन्यांत येतात, म्हणून आळ त्यांच्यावर.

अमेरिकेत क्लीव्हलँडला यावर एक चांगला अभ्यास झाला, २००० साली प्रसिद्ध झाला. सव्वाशे बाळांच्या आईवडिलांनी रोज ताप मोजला, लक्षणं लिहिली, दात बघितले. दात दिसायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, एवढ्याच काळात चावणं, लाळ, चिडचिड, हिरड्या चोळणं, कान चोळणं, घन अन्न नको म्हणणं आणि अंग किंचित गरम लागणं हे वाढलेलं दिसलं. जुलाब, खोकला, उलट्या, १०२ च्या वरचा ताप यांचा दातांशी मेळ बसला नाही. लक्षणांवरून 'आता दात येणार' हे आधी ओळखताही आलं नाही. महिनाभर चाललेली चिडचिड दातांच्या खात्यावर टाकू नका, एवढं यातून घ्या.

सह्याद्रीची_लेक

हे सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहितेय. भाची दहा महिन्यांची असताना तिला ताप येऊन-जाऊन होता, १०२ पर्यंत. सर्दी नाही, खोकला नाही. घरात एकमत: वरचे दात येतायत, हिरडी फुगलीय बघा. हिरडी फुगलेली होतीच, दातही आला. ताप तसाच. शेवटी डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तर जंतुसंसर्ग निघाला. अँटिबायोटिकनंतर दोन दिवसांत पोर खेळायला लागली.

वळीव

बालरोगतज्ज्ञ. सह्याद्रीची_लेक यांनी लिहिलंय ते ओपीडीत नेहमीचं आहे. तान्ह्या बाळाला लघवीचा संसर्ग असला की बाहेरून फक्त ताप दिसतो, बाकी काही सांगायला बाळाला तोंड नसतं. कानाच्या आतल्या दुखण्याचंही तसंच: कान ओढतो म्हणून दात, आणि दात म्हणून कानात कोणी बघत नाही.

आणखी एक सोंग फार फसवतं. तोंडात नागिणीच्या जातीतल्या विषाणूचा (हर्पिस) पहिला संसर्ग झाला की हिरड्या लालभडक सुजतात, रक्त येतं, जिभेवर-ओठांवर फोड येतात, ताप चढतो आणि बाळ पाणीसुद्धा घेत नाही. वय तेच, दातांचंच. दात येताना हिरडी थोडी फुगते. सगळं तोंड सोलल्यासारखं दिसलं तर ते दात नव्हेत.

माझ्यापुरता नियम साधा आहे. १००.४ च्या वर गेला की तो ताप, आणि त्याचं कारण दातांच्या बाहेर शोधायचं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. जुलाब असतील तर ओआरएस आणि झिंक, अंगावरचं दूध चालूच. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं तर रात्र काढायची नाही.

केतकी, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो: गोवर-रुबेलाच्या लशीनंतर साधारण आठवड्याने एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो. त्यालाही तुमच्या घरी दातच म्हणणार.

केतकी_नि_पिल्लू

> त्यालाही तुमच्या घरी दातच म्हणणार

साबांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "येऊ दे की दोन्ही."

ओवा

आयुर्वेदाची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, दात फुटणं हे सगळ्या रोगांचं कारण असं म्हटलंय खरं. साबांचा मुद्दा तिथे सापडेल. मांजराची पाठ मोडते, मोराला तुरा फुटतो आणि बाळाला दात येतात तेव्हा अंगात दुखायचं काही शिल्लक राहत नाही, असंही म्हटलंय. पण लोक तिथेच पुस्तक मिटतात. त्याच ठिकाणी वाग्भट पुढे सांगतो की या दुखण्यांत बाळाला फार जखडून ठेवू नका, दात आले की ती आपोआप शमतात. म्हणजे औषधांचा नि पथ्यांचा मारा नको. ग्रंथाच्या नावावर गोळ्या विकणाऱ्यांनी हा श्लोक पाठ करावा. काश्यपसंहितेत दात येण्यावर वेगळा अध्यायच आहे, सवडीने लिहीन.

निवडुंग

मोराला तुरा फुटताना दुखतं हे वाग्भटाला कोणी सांगितलं?

ओवा

मोराने.

दप्तरातला_उंदीर

अवांतर, पण इथेच शोभेल. हा आपलाच ठेका नाही. लंडनमध्ये सतराव्या शतकात मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या छापायचे, त्यांत मरणाचं कारण म्हणून 'दात' असा रकाना असे आणि त्यात बाळांची मोठी संख्या. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाझ पारे याने सोळाव्या शतकात हिरडीला चीर देण्याचा पुरस्कार केला आणि विसाव्या शतकापर्यंत डॉक्टर बाळांच्या हिरड्या कापत होते. इंग्लंडात दात येण्यासाठी पावडरी मिळत, त्यांत कॅलोमेल, म्हणजे चक्क पारा. त्या चाटून मुलांचे हातपाय गुलाबी पडून सोलायचे, मुलं रडून रडून थकायची, काही दगावायची. 'पिंक डिसीज' म्हणत आणि कारण कोणालाच कळेना. १९५० च्या दशकात तिथल्या पावडरींतून पारा काढला आणि तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकेत दातांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका सिरपमध्ये मॉर्फिन होतं. बाळ शांत व्हायचंच!

आक्का_करवीर

ते गोऱ्यांचं झालं. आमच्या आजीने सगळ्या नातवंडांना टाकणखाराची लाही मधातून लावली, कोणाला काही झालं नाही.

वळीव

आक्का, तुमच्या आजीबद्दल आदर ठेवून सांगतो. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. त्याची लाही केली तरी बोरॉन जात नाही, फक्त पाणी उडतं. इंग्लंडातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात १९८३ साली काही तान्ह्या बाळांची हकिकत आली होती. चोखणीला मध आणि बोरॅक्सचं मिश्रण लावून द्यायचे, बाळांना झटके यायला लागले. मिश्रण थांबवलं, झटके थांबले. शिवाय वर्षाच्या आत मध नकोच. त्यात बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट ते पचवतं, बाळाचं नाही.

जेलचं म्हणाल तर ट्यूबच्या मागचं वाचा. बेंझोकेन असेल तर दोन वर्षांच्या आत वापरू नका, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली तसं स्पष्ट बजावलंय. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने अचानक घसरू शकते. लिग्नोकेन असेल तर बाळाने ते गिळल्यावर झटक्यांचा आणि हृदयाचा धोका. कोलीन सॅलिसिलेट असेल (तोंड आल्यावर लावायची आपल्याकडची बरीच जेल हीच) तर ते ॲस्पिरिनचं भावंड. ब्रिटनने २००९ सालीच १६ वर्षांखालच्यांसाठी नको म्हणून सांगितलं. आणि उपयोग काय, तर दोन मिनिटांत लाळेबरोबर वाहून जातं.

अर्धा_कप

आणि बीसी २१? आमच्या घरात बाळापेक्षा आजोबाच जास्त खातात, गोड लागतात म्हणून.

वळीव

साखरेच्या गोळ्या आहेत, दात त्यांच्याने येत नाहीत. अमेरिकेत २०१६-१७ मध्ये दातांच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना (एका विषारी झाडाचा अर्क) कमी-जास्त प्रमाणात सापडला होता. तो प्रकार वेगळा, बीसी २१ मध्ये बेलाडोना नसतो. पण दात यायला लागले की दिवसातून चार वेळा साखर तोंडात विरघळवायची, याचं काय ते खडीसाखर सांगतील.

खडीसाखर

सांगते की. माझं दुकान त्यावरच चालतं.

राईनकाठची_मैना

इकडे जर्मनीत नव्या आया बाळांच्या गळ्यात अंबरच्या मण्यांची माळ घालतात, आणि औषधांच्या दुकानात चघळायला वाळलेल्या मुळाचा तुकडा मिळतो. तो दिसतो अगदी आपल्या वेखंडासारखा. आमच्या सुईणबाईंनी मात्र दोन्ही नको म्हणून सांगितलं. माळेने गळा आवळला जाऊ शकतो, आणि मूळ ओलं राहून त्यात जंतू वाढतात.

खडीसाखर

सुईणबाईंना माझा नमस्कार. अमेरिकेत अठरा महिन्यांचं एक बाळ झोपेत अशाच माळेने गुदमरून गेलं, त्यानंतर २०१८ मध्ये तिथे दातांच्या दागिन्यांविरुद्ध सूचना निघाली. आक्कांची दोऱ्यातली खारीकही याच रांगेत. दोरा गळ्याला, आणि भिजून मऊ झालेल्या खारकेचा तुकडा घशाला. कच्चं गाजर, सफरचंदाची फोड यांचंही तेच; दोन दात आले की बाळ तुकडा मोडू शकतं पण चावून बारीक करू शकत नाही.

काय द्यायचं? स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी चोळा. याहून चांगलं मला अजून काही सापडलेलं नाही. सुती फडकं ओलं करून फ्रीजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) थंड करून चावायला द्या. टीदर द्यायचा तर एकसंध रबराचा, आत पाणी भरलेला नको. हनुवटी कोरडी ठेवा, लाळेने पुरळ येतं, त्यावर साधं व्हॅसलिन.

वळीव

बाळ खरंच कळवळत असेल तर रात्री पॅरासिटामॉलचा एखादा डोस चालतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पण बाटली बघा! ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५०. आठ किलोच्या बाळाला ड्रॉप्स लागतात साधारण १ मिली. सिरपची सवय असलेल्या आजोबांनी ड्रॉप्सचे ५ मिली पाजले तर पाचपट डोस झाला. दोन बाटल्या घरात शेजारी ठेवू नका.

मोगरा_८९

मध्येच विचारते. मुलीला खालचे दोन आलेत आणि दूध पिताना कडकडून चावते. सासूबाई म्हणतात आता अंगावरचं तोडायची वेळ झाली. दहावा महिना आहे.

सह्याद्रीची_लेक

तोडू नका! बाळ खरंच दूध ओढत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर असते, तेव्हा चावताच येत नाही. पोट भरल्यावर, खेळात किंवा पेंगताना चावतात. ओढणं थांबलं की करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं. ओढून काढायचं नाही, ओरडायचंही नाही. काही बाळं आई किंचाळली की खुश होऊन पुन्हा चावतात.

मोगरा_८९

माझी त्यातलीच :(

मालवणी_खाजा

आमच्या वाडीत एका पोराक जन्मतःच दात होते, खालचे. बायकांनी तोंडाक पदर लावले. भटजींनी शांत सांगितली. असं खरंच होतं का?

खडीसाखर

होतं. दोन-तीन हजार बाळांत एखाद्याला. बहुतेक वेळा ते जादा दात नसतात, खालचे मधले नेहमीचेच दात घाईने आलेले असतात. म्हणून उगाच उपटले तर ती जागा सहा-सात वर्षं रिकामी. फार हलत असेल तर निखळून श्वासनलिकेत जायची भीती म्हणून काढावा लागतो, पण त्याआधी बाळाला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालंय ना ते बघतात, नाहीतर रक्त थांबत नाही. आणि हिरडीवर मोत्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते दात नव्हेतच, आपोआप जातात. टोकरून फोडू नका.

दप्तरातला_उंदीर

शांत आहे खरी. धर्मसिंधूत जन्मतः दात असल्यास आणि वरचे दात आधी आल्यास शांती सांगितलीय. मामाचा वाटा त्यात किती, ते बघावं लागेल.

केतकी_नि_पिल्लू

सगळ्यांचे आभार. जेल परत करायला नवऱ्यालाच पिटाळलं. एक विचारू का? वरच्या बाजूला हिरडीवर निळसर फुगवटा दिसतोय, जांभळाच्या डागासारखा. पडलाबिडला नाहीये.

खडीसाखर

येऊ घातलेल्या दातावर पाणी किंवा रक्त साठून असा फुगवटा येतो. दुखत नसेल तर काही करायचं नाही, दात आला की तो फुटून जातो. सुई तर लावूच नका. लशीला जाल तेव्हा दाखवा. पू दिसला किंवा ताप आला तर आधीच.

पहिला दात दिसला त्या दिवसापासून दोनदा घासायचं: मऊ ब्रश, १००० पीपीएम फ्लोराईडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी. रात्री तोंडात बाटली ठेवून झोपवायचं नाही. वरचे पुढचे चार दात त्यानेच किडतात, दीड वर्षांच्या मुलांचे मुळापर्यंत गेलेले बघते मी. वर्षाच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे एक फेरी.

काळी_माती

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, गावात शाळेतल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी. आणि तुम्ही बाळाला फ्लोराईडची पेस्ट सांगताय. बाळ तर थुंकत नाही, सगळं गिळणार.

खडीसाखर

प्रश्न अगदी रास्त आहे. हिशेब करा: तांदळाएवढी पेस्ट म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम, त्यात फ्लोराईड ०.१ मिलिग्रॅम. दोनदा घासून सगळं गिळलं तरी ०.२. पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम असेल तर खिमट, पाणी, बाटलीचं दूध मिळून बाळाच्या पोटात त्याच्या कितीतरी पट जातं. आणि कायमच्या पुढच्या दातांवरचं आवरण याच पहिल्या तीन-चार वर्षांत हिरडीच्या आत तयार होत असतं. शाळेतल्या पोरांचे डाग तेव्हाचे.

म्हणून तुमच्याकडे आधी पाणी बघायचं. मानकाप्रमाणे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या, ग्रामपंचायतीमार्फतही जातो. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. आरओने जातं. सहा महिन्यांपर्यंत नुसतं अंगावरचं दूध असेल तर काळजीच नाही, आईच्या पाण्यात कितीही फ्लोराईड असलं तरी दुधात ते फारच थोडं उतरतं. पाण्याचा आकडा जास्त निघाला तर पेस्टचं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, तोवर नुसत्या ओल्या ब्रशने घासा.

काळी_माती

आमच्या हातपंपाला लाल रंग मारलाय, तरी लोक भरतात. दुसरा पंप दोन किलोमीटरवर. नमुना सोमवारी देतो, आकडा इथेच टाकतो.